कोडाईचं झाड, नागपूरचा उन्हाळा

थंड मुलखातले बागवाले ब्रुग्मान्शियाला, म्हणजे लांब लोंबत्या फुलांच्या एका झाडाला, हिवाळ्यात घरात घेतात. दव गोठायला लागण्याआधी फांद्या छाटायच्या, कुंडी तळघरात सरकवायची, माती अगदी ठणठणीत होऊ नये एवढंच पाणी अधूनमधून द्यायचं आणि एप्रिल-मेमध्ये पुन्हा बाहेर काढायची. पाच ते दहा अंशांत झाड पानं टाकून झोपून राहतं. इंग्लंड-जर्मनीकडच्या लोकांनी या एका कामावर पानंच्या पानं लिहून ठेवली आहेत. मी राहते नागपुरात. मला तळघर नाही आणि दव गोठायची धास्तीही नाही. मला हे झाड सांभाळावं लागतं ते एप्रिल-मेमध्ये, म्हणजे तिकडचे लोक निःश्वास टाकून कुंड्या बाहेर मांडतात नेमकं तेव्हा.

झाड मुळात दक्षिण अमेरिकेतलं. बहुतेक जाती अँडीज पर्वताच्या उतारांवरच्या, एक ब्राझीलच्या आग्नेय किनाऱ्याकडच्या दमट जंगलातली. पाणी गोठवणारी थंडीही त्यांना चालत नाही आणि आमचा मे महिनाही. भारतात हे झाड दिसतं ते उटी, कोडाईकनाल, मुन्नार, दार्जिलिंगला. रस्त्याच्या वळणावर, चहावाल्याच्या टपरीमागे, वीतभर नाही तर चांगली हातभर फुलं खाली तोंड करून लटकलेली असतात आणि तिथल्या लोकांना त्याचं काही अप्रूप नसतं. माझी फांदी अशाच एका कुंपणावरची आहे. कोडाईकनालला आम्ही उतरलो होतो तिथल्या बाईंनी "कितीही घ्या, आम्ही दरवर्षी तोडून फेकतो" म्हणत कोयत्याने दोन फांद्या काढून दिल्या. कोडाई समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरवर, नागपूर तीनशेवर. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वरून प्लास्टिकची पिशवी बांधून त्या तमिळनाडू एक्सप्रेसने माझ्याबरोबर आल्या. २०१९ चा पावसाळा होता, म्हणून वाटेत सुकल्या नाहीत.

इथं आल्यावर ओळखीच्या नर्सरीवाल्याला दाखवल्या. त्याने उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाला, "ताई, लागेल तर लागून जाईन. पण एप्रिलमधी जळते हे. मी दोनदा आणून पाह्यलं." त्याच्याकडून मी लाल माती आणि कोकोपीट घेतलं. सल्ला घेतला नाही असं म्हणणार नाही, कारण एप्रिलचं त्याचं बोलणं डोक्यात राहिलंच.

फांदी लावणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. पेन्सिलपेक्षा जाड, तपकिरी झालेला, वीतभर लांबीचा तुकडा घ्यायचा, वरची दोन लहान पानं ठेवून बाकीची काढायची आणि खालचा भाग पाण्यात उभा करायचा. पाणी रोज बदलायचं. आठवडाभरात पाण्याखालच्या सालीवर पांढरे बारीक फोड येतात. बुरशी आली की काय असं वाटतं, पण ते शुभलक्षण आहे, मुळं तिथूनच फुटतात. जुलै-ऑगस्टच्या नागपुरी हवेत तीनेक आठवड्यांत पांढरी मुळं बोटभर होतात. मग ती फार लांबू न देता मातीत न्यायची, कारण पाण्यातली मुळं ठिसूळ असतात, लावताना तटतट तुटतात.

माती मात्र विचार करून घ्यावी लागते. आमच्या अंगणात काळी माती आहे, कापसाची. कुंडीत ती पावसाळ्यात लोण्यासारखी चिकटते आणि उन्हाळ्यात कडेने सुटून भेगाळते. पाणी घातलं की भेगेतून सरळ खाली बशीत, मधला गोळा कोरडाच. या झाडाला पाणी भरपूर लागतं पण मुळांशी तुंबलेलं चालत नाही. मी दोन भाग लाल माती, एक भाग चाळलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, आणि कन्हान नदीची जाड रेती ओंजळीने असं करते. मूठभर निंबोळी पेंड. कुंडी सिमेंटची नको, हलवता येत नाही, आणि या झाडाच्या बाबतीत हलवणं हाच अर्धा धर्म आहे. काळं प्लास्टिकही नको, उन्हात बाजूची मुळं शिजतात. मातीची मोठी कुंडी सर्वात बरी. तिच्या अंगातून पाणी झिरपतं आणि आतला गोळा गार राहतो.

पहिल्या पावसाळ्यात झाड नुसतं वाढलं. पानं हाताच्या पंजापेक्षा मोठी, थोडी लवदार. शेजारच्या काकू गच्चीवर पापड वाळवायला येत, त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "काहून वं, धोतरा लावला दारात? महादेवाले वाहतेस काय?" तसं त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. धोतरा आणि हे झाड एकाच घरातले, वांगी, टमाटर, बटाटा आणि तंबाखूसुद्धा त्याच घराण्यातले. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयसने १७५३ साली याला धोतऱ्यातच घातलं होतं, वेगळी प्रजाती म्हणून पर्सून नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञाने ते काढलं १८०५ मध्ये. धोतऱ्याचं फूल वर पाहतं, याचं खाली. धोतऱ्याचं फळ काटेरी, याचं गुळगुळीत. धोतरा वर्षा-दोन वर्षांत संपतो, याला खरंखुरं लाकूड होतं, नीट सांभाळलं तर माणसाच्या डोक्यावर जातं. काकूंना मी एवढं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे धोतराच."

फूल कधी येणार हे झाड आधी सांगतं. सरळ वाढत असलेला बुंधा एका ठिकाणी दुभंगतो आणि इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार होतो. पहिली कळी त्या दुभंगातूनच येते. त्याच्या वरची पानंही वेगळी असतात. देठाशी पानाचे दोन्ही काठ समोरासमोर जुळत नाहीत, एक बाजू खाली उतरते, एक वर राहते. एकदा हे डोळ्याला दिसायला लागलं की नर्सरीत फांदी निवडताना उपयोगी पडतं. दुभंगाच्या वरून काढलेली फांदी बुटकी राहते आणि लवकर फुलते, खालची फांदी आधी उंच होते आणि वाट पाहायला लावते. कोडाईच्या बाईंनी कोयता मारला तो वरच्या फांदीवर, हे माझं नशीब. म्हणून पहिल्याच डिसेंबरात कळ्या आल्या.

नागपूरच्या हिवाळ्याबद्दल बाहेरच्यांना गैरसमज असतो. दिवसा अठ्ठावीस-तीस, रात्री बारा-तेरा, कधी आठ-नऊ. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ पर्यंत उतरला होता, पण तशा रात्री अपवादाच्या. एरवी नोव्हेंबर ते फेब्रुवारी म्हणजे या झाडासाठी कोडाईच. उन्हं भरपूर आणि रात्र गार. फुलांसाठी रात्र गार लागते, दिवसाच्या उष्णतेपेक्षा रात्रीची उष्णता याला जास्त नडते, हे मला पुढच्या महिन्यांत कळत गेलं.

कळी आधी नुसती हिरवी लांबट शेंग वाटते. ती एका बाजूने उभी फाटते आणि आतून पिळ घातलेला, हिरवट-पिवळा, छत्री मिटावी तसा घडीचा फुलोरा हळूहळू खाली सरकत येतो. दोन-तीन दिवस तो तसाच लोंबतो. मग एका संध्याकाळी, साडेपाच-सहाच्या सुमाराला, पिळ सुटतो. काठाची पाच टोकं आधी बाहेर वळतात आणि अर्ध्या-पाऊण तासात तोंड उघडतं. माझं फूल पांढरं आहे, पहिल्या दिवशी थोडं मलईकडे झुकणारं, लांबी फुटाच्या आसपास. वास अंधार पडल्यावर. दुपारी नाक खुपसलं तरी काही नाही आणि रात्री आठला जिन्यातच कळतं की फूल उघडलंय. रातराणीइतका तो डोक्यात जात नाही, तरी झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली कुंडी ठेवू नये असं माझं मत आहे. वासाचं गणित पतंगांशी जुळलेलं असतं. लांब सोंडेचे मोठे पतंग अंधारात येतात आणि फुलाखाली पंख फडफडवत हवेतच थांबतात. फूल चार-पाच दिवस टिकतं.

फळ मात्र कधी धरलं नाही आणि धरणारही नाही. बहुतेक जातींना स्वतःचा पराग चालत नाही, आणि नागपुरात मी वाटलेली सगळी झाडं म्हणजे त्याच दोन फांद्यांचे तुकडे. सगळ्या जगातच या झाडाचा कारभार आता असाच आहे. धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत ब्रुग्मान्शियाच्या जाती रानातून नामशेष म्हणून नोंदल्या आहेत. मूळ डोंगरांतही झाडं दिसतात ती माणसांनी लावलेली, घराजवळची. बिया पसरवणारे कुणी मोठे प्राणी पूर्वी असावेत आणि ते संपले असावेत, असा एक तर्क केला जातो. कारण काहीही असो, आज हे झाड फांदी तोडून देणाऱ्यांच्या जिवावर जगतं.

आता उन्हाळा. खरं लिहायचं होतं ते यावरच.

आमच्याकडे मार्चच्या अखेरीला पारा चाळिशीला शिवायला लागतो. एप्रिलात कूलर लागतात, मेमध्ये पंचेचाळीस म्हणजे नेहमीचंच, २०१३ च्या मेमध्ये तर सत्तेचाळीसच्या पार गेला होता. त्यात नवतपा, मेअखेरचे ते तापलेले नऊ दिवस. पण मी वर म्हटलं तसं, दिवसाच्या आकड्यापेक्षा रात्रीचा आकडा पाहावा. मेमध्ये रात्री अठ्ठावीस-तीस अंश. सिमेंटच्या गच्चीवर त्याहून जास्त, कारण स्लॅब रात्रभर दिवसाची उष्णता सोडत असतो.

पहिल्या उन्हाळ्यात माझ्याकडे दोन मोठ्या कुंड्या होत्या. दोघींवर दोन तऱ्हा करून पाहायच्या असं ठरवलं. एकीला थंड देशातली पद्धत लावली, म्हणजे दुभंगाच्या वर वीतभर ठेवून सगळं छाटलं आणि जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत, सायकली आणि गव्हाच्या कोठ्या असतात तिथं, ठेवून दिली. पाणी दहा-बारा दिवसांनी पेलाभर. तर्क सरळ होता. तिकडे थंडीत झोपवतात, आपण उष्णतेत झोपवू. दुसरी कुंडी घराच्या मागच्या वऱ्हांड्यात, उत्तरेच्या भिंतीला, फक्त एक तृतीयांश छाटून.

जिन्याखालच्या झाडाने एप्रिलच्या शेवटी कोंब काढले. पांढुरके, बारीक, दाराच्या फटीकडे वाकलेले. मेच्या पहिल्या आठवड्यात ते गळले. मग बुंधा अंगठ्याने दाबला तर आत जात होता. खोलीत उन्हाची तिरीपही नव्हती आणि हवा बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंश कमीच होती, तरी झाड गेलं. वऱ्हांड्यातल्याने निम्मी पानं टाकली, उरलेली लहान काढली, पण बुंधा कडक राहिला.

कारण समजायला अवघड नाही. झाड अंधारात असो की उजेडात, श्वास घेतं आणि त्यासाठी साठवलेली साखर खर्च करतं. पाच-सात अंशांत हा खर्च इतका कमी होतो की बुंध्यातली साठवण चार-पाच महिने पुरते. पस्तीस अंशांत तोच खर्च कितीतरी पटीने वाढतो. त्यात पानं छाटलेली आणि उजेड नाही, म्हणजे पगार बंद आणि खर्च दुप्पट-चौपट. थंडीत झाड झोपतं. उन्हाळ्यात ते झोपत नाही, उपाशी मरतं. त्यामुळे तिकडची पद्धत नुसती महिने बदलून इथं लावता येत नाही. उन्हाळ्यात त्याला पानं हवीत, उजेड हवा, पाणी हवं. नको आहे ते फक्त थेट ऊन आणि तापलेली मुळं. हे एवढं धरून चाललं की बाकी सगळी हमाली आहे.

हमाली अशी. होळी झाली की कुंड्या गच्चीवरून खाली येतात. माणूस लावून, कारण ओली कुंडी दोघांनाही जड जाते. मागच्या वऱ्हांड्याला टिनाचं छप्पर होतं. टिन दुपारी इतकं तापतं की खाली उभं राहिलं तर टाळूला जाणवतं, म्हणून त्याच्याखाली बांबू आडवे बांधून हिरवी नेट ताणली, टिन आणि नेटमध्ये हातभर मोकळी जागा ठेवून. दुसरी नेट उत्तरेच्या उघड्या बाजूला, उभी. उत्तरेला ऊन कुठून येणार असं कुणीही म्हणेल, मीही म्हणत होते. पण नागपूर एकवीस अक्षांशावर आहे. २६ मेच्या सुमाराला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखाली, आणि त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत तो दुपारीसुद्धा थोडा उत्तरेकडूनच जातो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तर एप्रिलपासूनच उत्तरेच्या भिंतीवर येतं. नवतपातलं संध्याकाळी पाचचं ऊन पान पंधरा मिनिटांत कागद करून टाकतं.

कुंडी मोठ्या टोपल्यात बसवते आणि मधल्या जागेत रेती भरून ती ओली ठेवते. वरून मातीवर कडुनिंबाचा वाळला पाला, चार बोटं जाड. बारदाना कुंडीभोवती गुंडाळून सकाळी भिजवला की दुपारपर्यंत काम देतो. कूलरचा उपयोग होतो, पण जपून. खिडकीतला कूलर ज्या खोलीत वारा फेकतो तिथं उघड्या दाराजवळ कुंडी ठेवली तर दमट हवा मिळते आणि झाडाला मानवते. वाऱ्याच्या थेट झोतात नको, मोठी पानं फाटतात. आणि कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी कुंडीला घालण्याचा मोह टाळायचा. ते पाणी दिवसभर उडून उडून खाली क्षार राहिलेले असतात. ताट्यांवर जो पांढरा थर बसतो तोच मग मुळांवर बसतो.

पाणी सकाळी सहाला, आणि रात्रीच बादलीत भरून ठेवलेलं. गच्चीवरच्या टाकीतून थेट नळी लावली तर दुपारनंतर हात पोळेल असं पाणी येतं, संध्याकाळी सातलाही कोमट असतं. मेमध्ये रोज, कधी रात्री परत एकदा. यात एक फसवं दृश्य रोज दिसतं. दुपारी एक वाजता झाड मान टाकतं, सगळी पानं ओल्या फडक्यासारखी लोंबतात, आणि माणूस धावत जाऊन पाणी ओततो. आधी बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घालावं. ओल लागली तर पाणी अजिबात नको. पानं एवढी मोठी आहेत की त्या उष्णतेत मुळं कितीही ओढोत, पुरवठा कमीच पडतो. संध्याकाळी सातला झाड आपोआप उभं राहतं. ओल्या, तापलेल्या मातीत दुपारी पुन्हा पाणी ओतलं तर मुळं कुजतात, आणि कुजलेल्या मुळांचं झाड वरून अगदी तहानलेल्यासारखंच दिसतं, मग अजून पाणी. ओळखीतल्या निम्म्या लोकांची झाडं उन्हाने नाही, या मायेने गेली.

खत उन्हाळ्यात बंद.

कोरड्या हवेत लाल कोळी येतो. पानांवर आधी बारीक फिकट ठिपके, मग सगळं पान तांबूस, खालून धूळ बसल्यासारखं. खाली पांढरा कागद धरून पानावर टिचकी मारली की कागदावर ठिपके पडतात आणि चालायला लागतात. बोटाने पुसले तर तांबडी रेघ. औषधांपेक्षा पाणी बरं. पहाटे नळीला बोट लावून पानांच्या खालच्या बाजूने जोरात फवारा, तीन दिवसांआड. कडुनिंबाचं तेल चालतं, पण ऊन उतरल्यावरच. गंधक एरवी कोळ्यावर उत्तम, मात्र तिशी-बत्तिशीच्या वर पारा असताना मारलं तर पानं करपतात, म्हणजे आमच्याकडे मार्च ते जून डबा कपाटातच. पांढरी माशी वांग्या-टमाटरांवरून येते, त्यामुळे ती भाजी या कुंड्यांजवळ ठेवत नाही. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, कुंडी खुशाल ठेवावी. एवढं करूनही कोळी पूर्ण जात नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे रोगराई घालवायची पुतळ्याची मिरवणूक, निघते तेव्हा "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" मध्ये मी मनातल्या मनात कोळ्याचंही नाव घालते.

आणखी एक त्रास पाण्याचा. बोअरचं पाणी जड आहे. ते सतत दिलं की नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही खताची कमी नव्हे, मातीतलं लोह झाडाला घेता येत नाही म्हणून असं होतं. चिलेटेड लोह मिळतं, ते घालावं. आमच्या सासूबाई ज्याला हिराकस म्हणत, ते फेरस सल्फेटही चालतं, चिमूटभर, पाण्यात विरघळवून. पण पावसाळ्यात गच्चीच्या नळाखाली ड्रम लावून पाणी साठवलं तर दिवाळीपर्यंत हा प्रश्नच येत नाही.

जूनच्या मध्यावर पाऊस आला, पहिले दोन-तीन चांगले झड झाले की मोठी छाटणी. इंग्रज लोक हिवाळ्यापूर्वी करतात ती मी पावसाच्या तोंडावर करते. आता साठवण संपत आली तरी फिकीर नाही, पुढे उजेड आणि ओल दोन्ही आहे. दुभंगाच्या खाली मात्र कात्री न्यायची नाही, नाहीतर फुलासाठी पुन्हा सगळा बुंधा वाढवत बसावं लागतं. त्याच वेळी वरची चार बोटं माती काढून नवं शेणखत. मग हे झाड खातं. इतकं खाणारं शोभेचं झाड मी दुसरं पाहिलं नाही. शेंगदाण्याची ढेप भिजवलेलं पाणी आठवड्याला, मधे एकदा १९:१९:१९ हे रासायनिक खत. ऑगस्ट-सप्टेंबरात पहिला बहर येतो, लहान. त्याच दिवसांत एखाद्या सकाळी निम्मी पानं गायब असतात आणि शोधलं तर शेपटीवर शिंग असलेली, बोटाएवढी जाड अळी सापडते. मी ती उचलून मागच्या पडीक प्लॉटवरच्या धोतऱ्यावर सोडते. खरा बहर नोव्हेंबरपासून, आणि तो लाटांनी येतो. पंधरा दिवस झाडाला फूल नाही, मग एकदम वीस-पंचवीस.

विषाबद्दल लिहिणं भाग आहे. झाड मुळापासून फुलापर्यंत सगळं विषारी आहे. अॅट्रोपिन, स्कोपोलामिन वगैरे, धोतऱ्यात असतात तीच. गेल्या छाटणीला नवऱ्याने हातमोजे न घालता फांद्या कापल्या, घाम पुसला आणि जेवून झोपला. उठला तेव्हा डाव्या डोळ्याने वर्तमानपत्र वाचता येईना. मी पाहिलं तर उजवी बाहुली नेहमीची आणि डावी जवळजवळ सगळा डोळा व्यापलेली, काळीभोर. ना दुखणं, ना लाली. एका बाजूची बाहुली मोठी म्हटल्यावर आमच्या डोक्यात मेंदूचेच विचार. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिली, बाहुली हलली नाही. मग त्यांनी विचारलं, "घरी धोतऱ्यासारखं काही झाड आहे का?" डोळे तपासताना बाहुली मोठी करायला जे थेंब घालतात त्यातला एक याच घराण्यातून आलेला आहे. चार-पाच दिवसांत डोळा पूर्ववत झाला, तोवर नवरा काळा चष्मा लावून बसला. छाटलेल्या फांद्या आता पिशवीत बांधून देते, कचऱ्याच्या ढिगावर मोकळ्या टाकत नाही, आमच्या गल्लीत गाई फिरतात.

इतर रंगांबद्दल लोक विचारतात. लाल फुलाची जात, जिला वास नसतो कारण तिच्याकडे पतंग नाही तर हमिंगबर्ड येतात, ती उंच, गार अँडीजमधली आहे. नागपुरात तिच्या वाटेला जाऊ नये. गुलाबी-पीच रंगाची, पांढरी उघडून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रंग धरणारी, ती गेल्या वर्षी मिळाली आणि एक उन्हाळा काढून उभी आहे. ऑनलाइन 'पाच रंगांचं बियाणं' मिळतं, ते मी मागवलं होतं. उगवला तो जांभळा धोतरा. काकू खूश झाल्या.

फांद्या मी जुलैत देते, आणि रांगतं मूल किंवा बकरी असलेल्या घरी देत नाही. घेणाऱ्याला नेट, रेती, सहाचं पाणी, दुपारची मान टाकणं, सगळं सांगते, दोघा-तिघांना कागदावर लिहूनही दिलं. अमरावतीच्या माझ्या मैत्रिणीचं चिखलदऱ्याला घर आहे, अकराशे मीटरवर. तिलाही एक फांदी दिली आणि तो कागदही. तिने ती कुंडीत न लावता सरळ कुंपणाला, मातीत खोचली. या मेमध्ये तिचा फोटो आला, झाड तिच्या डोक्याच्या वर आणि फुलं मोजता येणार नाहीत एवढी. मी घाईघाईने फोन करून विचारलं, उन्हाळ्यात काय काय केलंस? ती म्हणाली, "काही नाही गं, आम्ही फेब्रुवारीनंतर आत्ताच आलो."